नेम चुकेल त्याने कांदे चिरायचे

आमचे हे आणि ह्यांचे तीन मित्र, अशा चौघांनी मिळून आयुष्यात एकच चितळ मारलं, आणि ते एकच चितळ त्यांनी तीस वर्षं पुरवून पुरवून खाल्लं. महिन्यातला एक रविवार ठरलेला असायचा. चौघांपैकी कोणाच्या तरी घरी मटण शिजायचं आणि ते शिजेपर्यंत ती शिकार पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली जायची. ऐकणारं नवीन कोणी असेल तर बरंच. नसेल तर एकमेकांना सांगायचे.

तिघा मित्रांपैकी एक वकील. राहणार तात्यापारा, रायपूर. त्यांचे पूर्वज नागपूरच्या भोसल्यांच्या फौजेबरोबर इकडे आले होते, आणि हे वकील अशा थाटात सांगायचे की जणू स्वतःच काल संध्याकाळी घोड्यावरून उतरलेत. दुसरे कापडवाले. पंडरीच्या बाजारात त्यांचं ठोक कापडाचं दुकान. चितळाची शिंगं किती मोठी होती हे ते हात पसरून दाखवायचे, आणि गिऱ्हाइकाला कापड मोजून देताना कधी सोडला नाही तेवढा हात इथे सढळ सोडायचे. तिसरे रेल्वेवाले. मूळचे वर्ध्याकडचे, नोकरीने इथे आले आणि इथलेच झाले. सगळी हयात इंजिनाच्या आवाजात गेल्यामुळे साधं मीठ मागितलं तरी शेजारच्या घरातून मीठ यायचं.

आणि आमचे हे. बांधकाम खात्यात नकाशे काढायचे. अत्यंत काटेकोर माणूस, पण त्या काटेकोरपणामुळे कुठलीच गोष्ट ठामपणे न सांगणारा. बाहेर धो धो पाऊस पडत असला तरी "पाऊस असू शकतो" म्हणणारा. ह्या एका सवयीने त्यांचं वाटोळं केलं.

झालं होतं असं. शिकारीवर बंदी यायच्या आधीचा हिवाळा. चौघं पोरगेलेसेच, नुकते नोकरीधंद्याला लागलेले. महानदीपलीकडच्या जंगलात रीतसर परवाना काढून गेले. पहाटेचं धुकं होतं. चितळ दिसलं तसे चौघांनी एकदम बार काढले. चितळ पडलं. जाऊन पाहतात तर अंगावर भोक एकच. वकील ओरडले, "माझी!" कापडवाले ओरडले, "माझी!" रेल्वेवाल्यांचं "माझी!" तर जंगलातल्या उरलेल्या सगळ्या चितळांनी ऐकलं असणार. आमचे हे जवळ आले, वाकून नीट पाहिलं आणि म्हणाले, "माझीही असू शकते."

झालं. तिथेच निकाल लागला. ज्याची स्वतःलाच खात्री नाही, त्याचा नेम चुकला. चौघांचा आधीपासूनचा नियम होता की नेम चुकेल त्याने मटणाचे कांदे चिरायचे, आणि पुढची शिकार होईपर्यंत चिरत राहायचे. त्याला जोडून दुसरा नियम म्हणजे कांदे चिरणाऱ्याने गोष्ट सांगायची नाही, ती नेम लागलेल्यांनी सांगायची. ह्यांनी निमूटपणे सुरी हातात घेतली. पुढच्या हिवाळ्यात दुसऱ्या कोणाचा नेम चुकला की आपण सुटू, असा त्यांचा हिशेब होता. पण त्याआधी सरकारने शिकारच बंद केली. देशातली सगळी हरणं सुटली, आमचे हे तेवढे अडकले.

मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच रविवारी पाहिलं की नवरा ओट्याशी उभा राहून डोळे पुसत कांदे चिरतो आहे आणि बाहेर तिघं जण त्याच्याच चुकलेल्या गोळीवर हसून लोळताहेत. मी नवी नवरी असूनही राहवलं नाही. बाहेर येऊन विचारलं, "भोक एकच होतं ना? मग चुकले तर तिघं. एकटाच माणूस कांदे काहून चिरून राहिला?"

वकील गंभीर चेहरा करून म्हणाले, "वहिनी, आमच्या तिघांचा मामला अजून विचाराधीन आहे. ह्याचा निकाल लागलेला आहे. हा प्रक्रियेचा प्रश्न आहे."

तो मामला तीस वर्षं विचाराधीनच राहिला.

त्यांची थट्टा वाईट मनाची होती असं मी म्हणणार नाही. ह्यांना टायफॉइड झाला तेव्हा तिघं आळीपाळीने दवाखान्यात बसले होते. कापडवाले तर दुकान बंद ठेवून यायचे, आणि त्यांच्यासाठी दुकान बंद ठेवणं म्हणजे अंगाची साल काढून देणं. पण ज्या दिवशी ह्यांना पहिल्यांदा भूक लागली त्या दिवशी तिघंही उशाशी एक कांदा ठेवून गेले. नर्सला वाटलं काहीतरी उतारा असेल. थट्टा प्रेमाचीच होती हो, पण रोज एकाच जागी बोट टोचलं तर प्रेमाच्या बोटानेही जखम होते, हे त्या तिघांना कधी सुचलं नाही. आणि आमचे हे बोलून दाखवायचे नाहीत.

मला मात्र एकदा सांगितलं होतं. जेवणं झाली होती, तिघं घरी गेले होते, हे हाताचा वास जाईना म्हणून लिंबाची फोड चोळत होते. म्हणाले, "एकदा मले सांगायची आहे ती गोष्ट. बस, एकदा."

मी म्हटलं, "मग सांगा ना. मले सांगा."

"मी डाव्या बाजूला होतो..." असं म्हणाले आणि थांबले. "नाही जी. नियम आहे."

बायकोला घरातल्या घरात गोष्ट सांगायलाही ज्याला नियम आडवा येतो अशा माणसाशी मी संसार केला. मला त्यांचा राग यायचा आणि त्या तिघांचा त्याहून जास्त.

मग भोपाळपासून वेगळं होऊन नवं राज्य झालं आणि आमचं रायपूर राजधानी झालं. काल ज्या गल्लीत गाय आडवी बसली की रहदारी थांबायची, तिथे आज लाल दिव्याच्या गाडीने रहदारी थांबायला लागली. भोपाळहून साहेब लोकांचे ट्रक भरभरून यायला लागले. ज्याच्याकडे दोन खोल्या जास्त होत्या त्याने चुना मारून "ऑफिसरांसाठी" अशी पाटी लावली. ह्यांच्या कचेरीत तर रोज नवा चौक आणि रोज नवा बंगला. आज काढलेला नकाशा उद्या रद्द. रेल्वेवाले म्हणाले, "राज्य आलं, राजधानी आली, ह्याची गोळी काही अजून आली नाही. चालून राहिली असन बिचारी. भिलाईपर्यंत तरी पोचली का बे?"

राजधानीबरोबर त्यांच्या गोष्टीलाही बढती मिळाली. आता ऐकायला भोपाळचे साहेब होते, नवे भाडेकरू होते. त्यांना तीस वर्षांपूर्वीची जुनाट गोष्ट कशी सांगणार? आणि सांगितली तर आपण म्हातारे झालो हे कबूल करावं लागणार. म्हणून गोष्ट हळूहळू तरुण व्हायला लागली. आधी त्यात मागून आणलेली खटारा जीप होती. पुढे ती जिप्सी झाली. "बंदीच्या आधी" हे शब्द आधी हळू आवाजात आले, मग गळूनच पडले. वर्षं कोणी विचारलीच तर कापडवाले हात हलवून म्हणायचे, "झाले असतील चार-सहा साल." आमचे हे आतून कांदे चिरता चिरता हे ऐकायचे. बोलायचा हक्क नसल्यामुळे दुरुस्तीही करता यायची नाही.

अशात आमच्या मुलीला एक स्थळ आलं. मुलाचे वडील भोपाळहून बदली होऊन आलेले, समता कॉलोनीत भाड्याने राहणारे, मूळचे नागपूरकडचेच. त्यांचा निरोप आला, "रविवारी सकाळी सहज चहाला येतो, काही तामझाम नको." आणि तो रविवार नेमका चौघांचा, आणि पाळी नेमकी आमच्या घरची.

मी म्हटलं, "ह्या वेळचं रद्द करा."

"असं कसं? नियम आहे."

"बरं, मग कांदे मी चिरते."

"तू थोडीच चुकली होती?"

मी डोक्याला हात लावला. आत मुलगी केस विंचरत होती, ती तिथूनच म्हणाली, "मम्मी, रहने दो ना. पापा नहीं मानेंगे." आमची मुलगी मराठी सगळी समजते, उत्तर हिंदीत देते, पण बापाला तिने अगदी बरोबर ओळखलं होतं.

मला मुलीच्या लग्नाची काळजी होतीच. पण खरं सांगायचं तर त्या दिवशी मला एकच हवं होतं. होणाऱ्या व्याह्यांसमोर तरी ह्या माणसाच्या हातात कांदा असू नये आणि त्याच्यावर कोणी हसू नये. चार लोकांत एकदा तरी त्याने मालकासारखं खुर्चीवर बसावं. शेवटी एवढं कबूल करून घेतलं की पाहुणे यायच्या आत कांदे आटपतील आणि हे सदरा घालून बाहेर येऊन बसतील.

कसले आटपतात! मटण आणायचं काम कापडवाल्यांकडे होतं, ते घासाघीस करत बसले आणि उशिरा आले, आणि मटणाचं वजन कळल्याशिवाय हे कांदा चिरायला घेत नाहीत. पाहुणे वेळेच्या आधी आले. मुलाच्या वडिलांनी दारात पाऊल टाकलं तर समोरच, ओटा चहा-फराळाने भरलेला म्हणून बाहेर बसलेले, आमचे हे बनियनवर, हातात सुरी, डोळ्यांतून धारा. पाहुणे चपला काढता काढता थबकले आणि हळूच विचारलं, "काही वाईट तर नाही ना झालं?"

"वाईट फार आधी झालं, साहेब," रेल्वेवाले म्हणाले आणि तिघं हसत सुटले. मग वकिलांनी पाहुण्यांना खुर्ची दिली आणि खटल्याची पार्श्वभूमी सांगावी तशी सगळी कथा सुरू केली. आमच्या ह्यांच्या "असू शकते"ची तर तिघांनी मिळून नक्कल करून दाखवली. पाहुणे हसले. बरोबर आलेला मुलगाही हसला. माझी मुलगी चहाचा ट्रे घेऊन आली होती, ती हसली नाही. ती बापाकडे पाहत होती. हे खाली मान घालून पुढचा कांदा सोलत होते. मला वाटलं, ह्या तिघांना मटणाआधी चुलीवर ठेवावं.

गोष्ट रंगात आली. परतताना गाडी चिखलात फसते त्या ठिकाणी मुलाने साधेपणाने विचारलं, "फिर आपने किसी को फोन नहीं किया?"

रेल्वेवाले कधी उत्तराला अडले आहेत? लगेच म्हणाले, "करत होतो ना! पण मोबाइलला रेंज कुठून राहील जंगलात?"

मुलाच्या वडिलांनी कप खाली ठेवला. "मोबाइल होता तुमच्याकडे? म्हणजे ही शिकार केव्हाची?"

"झाले असतील चार-सहा साल," कापडवाले सवयीने हात हलवत म्हणाले.

"असं होय," पाहुणे शांतपणे म्हणाले. "नाही, मी आपलं सहज विचारलं. मी वनखात्यात आहे. वन्यप्राण्यांचंच काम बघतो."

स्थळ आल्यापासून ते "मोठे साहेब" आहेत एवढंच तिघांनी ऐकलं होतं आणि तेवढ्यावरच ते खूश होते. कुठले साहेब, हे विचारायची त्यांना गरज वाटली नव्हती.

सगळ्यात आधी वकील सावरले. कायदा शिकलेला माणूस. घसा साफ करून म्हणाले, "एक गोष्ट स्पष्ट करतो. माझी गोळी लागली असं मी निश्चित विधान कधीच केलेलं नाही. माझी चुकलीच होती."

"माझी तर हवेत गेली जी," कापडवाले म्हणाले. मघापर्यंत हातभर पसरलेले हात त्यांनी मांडीवर घट्ट धरून ठेवले होते. "मले बंदूक धरता कुठं येते? कापड मोजायचा गज धरणारा माणूस मी."

रेल्वेवाल्यांचा आवाज मी जन्मात पहिल्यांदा इतका हळू ऐकला. "मले तर चितळ दिसलंच नव्हतं. चष्मा घरी राहिला होता."

तीस वर्षं विचाराधीन असलेला मामला एका मिनिटात निकालात निघाला. पाहुण्यांच्या मिशीत हसू होतं की काय, मला तेव्हा कळलं नाही. त्यांनी विचारलं, "तिघांचीही चुकली. मग चितळ मेलं कशाने?"

आणि तिघांनी एकदम मान वळवून आमच्या ह्यांच्याकडे बघितलं. कोणी बोट दाखवलं नाही, पण दाखवल्यासारखंच. "ह्याची असन," रेल्वेवाले पुटपुटले. वकिलांनी मान हलवली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तीस वर्षं ह्या माणसाने त्या गोळीचा मान मागितला नाही, मागितला असता तर त्या तिघांनी दिला नसता, आणि आज ज्या क्षणी त्याचा गुन्हा झाला त्या क्षणी तिघांनी तो उचलून त्याच्या पदरात टाकला! तेही कोणासमोर? मुलीच्या होणाऱ्या सासऱ्यासमोर. मी बोलायला तोंड उघडलं होतं. ह्यांनी नुसतं म्हणायचं होतं की नाही हो, माझा नेम चुकला, सगळ्या गावाला माहीत आहे, म्हणून तर कांदे चिरतोय. पुरावा हातातच होता.

ह्यांनी सुरी खाली ठेवली. फडक्याला हात पुसले. डोळे पुसले. मग म्हणाले, "हो. माझीच."

"असू शकते" नाही, "बहुतेक" नाही. लग्नानंतर ह्यांच्या तोंडून इतकं ठाम वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

"बंदीच्या आधीच्या हिवाळ्यातली गोष्ट आहे, साहेब. परवाना चौघांच्या नावाचा होता. जीप होती, मागून आणलेली. मोबाइल काय, आमच्यापैकी कोणाच्या घरी साधा फोन नव्हता. गोळी माझी होती."

पाहुणे मोठ्याने हसले. म्हणाले, "चिखलातल्या गाडीपर्यंत तुम्ही तिघं मला खरेच वाटत होतात. मोबाइलने घात केला तुमचा." मग ह्यांच्याकडे वळून म्हणाले, "पण मग कांदे तुम्ही काहून चिरून राहिले?"

ह्याचं उत्तर मी दिलं. आत गेले आणि एक विळी, दोन सुऱ्या घेऊन आले. विळी वकिलांसमोर मांडली, सुऱ्या दोघांच्या हातात दिल्या आणि कांद्यांची टोपली मधोमध ठेवली. "साक्षीदारांसमोर तिघांनी कबूल केलं आहे," मी म्हटलं. "पुढची शिकार होईपर्यंत."

"वहिनी, ते तर साहेबांसमोर बोलायचं म्हणून..." कापडवाले कुरकुरले.

"चिर बे," वकील म्हणाले. "रेकॉर्डवर गेलं आता." आणि मांडी घालून विळीवर बसले. माझी मुलगी तोंडावर ओढणी धरून हसत होती.

हे आत जाऊन सदरा घालून आले आणि पाहुण्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसले. मोकळ्या हातांचं काय करावं हे त्यांना कळेना. एकदा मांडीवर ठेवले, एकदा घडी घातली. मग पाहुणेच म्हणाले, "सांगा की मग. नेमकं काय झालं होतं?"

ह्यांनी सुरुवात केली. इतकी वाईट सांगितलेली गोष्ट मी आजवर ऐकलेली नाही. आदल्या दिवशी डब्यात काय नेलं होतं इथून सुरू झाले. परवान्याच्या कागदाचा आकार सांगितला. मग म्हणे नदी ओलांडली ती जागा नकाशात कशी चुकीची दाखवलेली आहे, आणि ते समजावण्यासाठी बोटाने टेबलावर नदी काढली. जंगल यायलाच अर्धा तास लागला. मुलाने दोनदा जांभई दाबली. रेल्वेवाल्यांनी एकदा न राहवून "अबे, चितळावर ये ना!" असं म्हटलं, तर वकिलांनीच त्यांना गप्प केलं. नियम आहे म्हणाले. तिघंही नाक ओढत, डोळे पुसत ऐकत होते, आणि ते सगळंच कांद्याचं पाणी होतं असं आता मला वाटत नाही.

"मी डाव्या बाजूला होतो," हे म्हणाले. त्याच्या पुढचं मी कधी ऐकलंच नव्हतं.

तेवढ्यात पाहुण्यांनी घड्याळाकडे नजर टाकली. मी घाईने आत गेले आणि पुन्हा सगळ्यांचा चहा टाकला, म्हणजे गोष्ट संपेपर्यंत कोणाला उठता येणार नाही.